धुरपानानीचा कोंब

धुरपानानी माणसाला त्याच्या नावानं कमी आणि जन्मानं जास्त ओळखायची. कोण कसा जन्मला हे तिच्या पक्कं लक्षात असायचं. आमच्या वस्तीवरचे एक जण ग्रामपंचायतीत निवडून आले आहेत. त्यांना ती भर बैठकीत म्हणायची, "ए पायाळू, जरा सर की तिकडं." कारण ते पायांकडून आले होते. एकाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते, तो कायमचा 'वेढ्या' झाला. माझ्या चुलतभावाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या पाहुण्यांपुढं ती म्हणाली, "ह्यो आला तवा जांभळावानी निळा हुता. म्या उलटा धरून दोन चापट्या हाणल्या, तवा रडला. आता बगा, कसा तांबूस झालाय." पाहुणे हसले. भाऊ आतल्या खोलीत निघून गेला, तो चहापर्यंत बाहेर आला नाही.

मला ती 'गुमी' म्हणायची. जन्मल्यावर मी बराच वेळ रडले नव्हते. "समद्यास्नी वाटलं, गेली. आन् ही बया डोळं उघडून टकामका बगतीया. पर तोंडातनं आवाज म्हणून न्हाई."

आमची वस्ती मांडवगण फराट्यापासून तीन-चार किलोमीटर आत, भीमेच्या अंगाला आहे. धनगरांची पंधरा-वीस घरं. आजोबांच्या पिढीपर्यंत लोक मेंढरं घेऊन फिरायचे. आता ऊस, कांदा आणि कंपनीतली कामं आहेत. मेंढरं दोन-तीन घरांकडंच उरली आहेत. नानीनं बाळंतपणं करायला सासूकडून शिकून घेतलं ते त्या फिरत्या दिवसांत, पालात. नंतर वस्तीवर घरं झाली, तिचा नवरा वारला, मुलगा सोपान रांजणगावच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागला. नानी मात्र बाळंतपणाला आणि मेंढीच्या अडल्या वेळेला कुणी बोलावलं की निघायची. तिचे हात लहान होते, शाळेतल्या मुलीसारखे. नखं ती दर दोन दिवसांनी ब्लेडनं काढायची. बायका दवाखान्यात जायला लागल्या, घरची बाळंतपणं बंद झाली, तरी तिची नखं वाढलेली मी कधी पाहिली नाहीत.

काम करताना ती सारखी बोलत असे, आणि ते बोलणं बाईला आणि मेंढीला एकच असायचं. एकदा आमची मेंढी अडली होती. नानी कोपरापर्यंत तेल लावून बसली आणि मेंढीला म्हणाली, "वरडू नगंस. तू काय येगळी हायेस का? तुज्या आईचं बी म्याच काढलंय. जरा दम धर, माजी बाय." माझे वडील हसले तशी ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "हसतूस काय? तू यायच्या येळंला तुजी आय हिच्यापरीस जास्त वरडत हुती."

तिचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. पोटातून जे जे बाहेर येतं ते उघड्यावर टाकायचं नाही. बाळ झालं की वार ती स्वतः पुरायची. घराच्या मागं हातभर खड्डा, हळदकुंकू, माती आणि वर दगड. मेंढीची वारसुद्धा ती कुत्र्यांना मिळू द्यायची नाही. वार कुत्र्यानं ओढली तर बाळंतिणीला कधी उठवत नाही, असं तिची सासू सांगायची. नानीचा त्यावर विश्वास होता की नाही, मला सांगता येत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "नऊ म्हयनं ज्यानं पोर सांभाळलं, त्याला गटारीत टाकायचं व्हय?"

बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तशी तिची पंचाईत झाली. वस्तीवरची कुणी बाळंत व्हायला गेली की नानी झाकणाचा डबा घेऊन मागून जायची. सरकारी दवाखान्यात तिचं आणि एका सिस्टरचं झालेलं भांडण माझ्या आईनं ऐकलं होतं. सिस्टर म्हणाली, "मावशी, ते पिवळ्या पिशवीत टाकावं लागतं. नियम आहे."

"तुमच्या नियमाची पिवळी पिशवी, आमच्या नियमाची माती. कुणाचा नियम जुना, सांग की."

"आणि उद्या मला विचारलं तर?"

"सांग, म्हातारीनं चोरली."

सिस्टर शेवटी हसली आणि डबा भरून दिला. परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय ओ मावशी, मटण का?" नानी म्हणाली, "व्हय. खातूस?" मग खरं काय आहे ते तिनं सांगितलं आणि उतरेपर्यंत तिच्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही. ही गोष्ट ती स्वतः रंगवून सांगायची.

मी कॉलेजसाठी दौंडला राहायला लागले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. म्हणून वस्तीवर कुणाचा औषधाचा कागद आला की तो माझ्याकडं यायचा. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण तसं म्हणायची मला लाज वाटायची.

एका रविवारी नानी आमच्या ओट्यावर येऊन बसली. आई पाणी आणायला गेली तेव्हा हळूच म्हणाली, "मला परत अंगावरनं जायाला लागलंय."

मला कळलं नाही. तिची पाळी बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

"कधीपासून?"

"झालं तीन म्हयनं. थोडं थोडं जातंय. बायांना सांगितलं तर समद्या म्हंत्यात, पिशवी काढून टाक, सुटशील. हिनं काढली, तिनं काढली. आगं, ती काय शेणाची पाटी हाय का, जड झाली की टाकून द्यायला? तुज्या दौंडाला बाईडॉक्टर हाय का एखादी? तू चल संगं. तुला विंग्रजी येतंय."

दौंडच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली आणि स्क्रीन आमच्याकडं वळवला. मला करड्या रंगाच्या ढगाशिवाय काही दिसलं नाही. नानी पुढं वाकून बघत होती.

"मावशी, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला एक कोंब आलाय. मटकीला मोड येतो तसा. पॉलिप म्हणतात त्याला. खालूनच बारीक दुर्बीण घालून काढता येतो. पोटावर चिरणं नाही, टाका नाही. दुसऱ्या दिवशी घरी."

"आन् पिशवी?"

"पिशवी आहे तिथंच. आधी कोंब काढू, तो लॅबमध्ये तपासू, मग पुढचं. बहुतेक वेळा साधाच असतो. पण तुमची पाळी गेलेली आहे ना, म्हणून तपासलाच पाहिजे. कळलं का?"

"कळलं की," नानी म्हणाली. मीही मान हलवली.

तिनं डॉक्टरबाईंना सांगितलं की मला झोपवू नका. त्यांनी कमरेत इंजेक्शन देऊन तिला जागं ठेवलं. मी बाहेर बाकावर बसले होते. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागला असेल. तिला खोलीत आणलं तेव्हा कंबरेखाली काही कळत नव्हतं, पण तोंड नुसतं चालू होतं. डॉक्टरबाईंनी दुर्बिणीचा टीव्ही तिच्याकडं फिरवला होता आणि तिनं पिशवी आतून पाहिली होती.

"गुमे, काय सांगू तुला! गुलाबी गुहा हाय गं आत. आत पानी सोडत्यात, मंग ती फुगती. दोन कोपऱ्यात दोन बारीक भोकं, तितनं बीज येतं म्हन्ल्या. आन् मदी त्यो कोंब, पान्यात शेवाळ हलतं तसा हलत हुता. म्या चाळीस वर्सं नुसत्या हातानं चाचपत हुते. आंधळ्यावानी. आज बगितलं."

मग म्हणाली, "सासूला दावाया पायजे हुतं."

मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ती शेजारच्या खाटेवरच्या केडगावच्या एका बाईला तेच सगळं पुन्हा सांगत होती, कोपऱ्यातली भोकं हातानं दाखवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं एक छोटी प्लास्टिकची बाटली आणि चिठ्ठी आणून दिली. पाण्यासारख्या औषधात शेंगदाण्याएवढा, फिकट तुकडा होता. "ही मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये द्या. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल, तो घेऊन मॅडमना दाखवायला या."

बाटली माझ्या हातात होती. अकरा वाजता माझं प्रॅक्टिकल होतं आणि पावणेअकरा झाले होते. सोपानदादाला कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती. रात्रपाळी करून तो परस्पर मोटरसायकलवर येणार होता, अजून पोचला नव्हता. नानीनं माझ्या हातातून बाटली घेतली.

"जा गं तू. लॅब हितंच तर हाय. सोपान आला की देऊन जाते."

मी गेले. प्रॅक्टिकलला पोचले. मार्कही बरे पडले.

पुढच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा विचारलं, "नानी, रिपोर्ट आला?"

"आला. काय न्हाई म्हन्ले. साधा हाय."

"कागद कुठाय?"

"हाय की पेटीत. तू काय मास्तरीन लागून गेलीस का?"

तिचं जाणं थांबलं होतं. ती पूर्वीसारखी हिंडत होती, वस्तीवरच्या बायकांना गोळा करून सांगत होती की पिशवी काढायची घाई करू नका, आधी दुर्बीण घालून बघा. तिच्या सांगण्यावरून दोघी जणी दौंडला जाऊन आल्या, दोघींचं साधं निघालं. दवाखान्यातून एकदा फोन आला होता. तो नानीनंच घेतला आणि दुसरीकडं दाखवलं म्हणून सांगितलं. हे मला फार नंतर कळलं.

वर्ष व्हायला आलं तेव्हा तिला पुन्हा जायला लागलं. या वेळी थोडं नव्हतं. कंबर दुखत होती आणि ती वाळली होती. सोपानदादानं सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं दौंडला गेलो.

डॉक्टरबाईंनी जुनी फाईल काढली. "मागचा लॅबचा रिपोर्ट यात नाही. तुमच्याकडं आहे?"

सोपानदादा नानीकडं बघायला लागला. मी म्हणाले, "पेटीत आहे म्हणाली होती."

नानी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग सरळ म्हणाली, "रिपोट न्हाई. म्या ते दिलंच न्हाई."

"दिलं नाही? मग बाटलीचं काय केलं?"

"पुरलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठं?"

"घराच्या मागं. वार पुरते तसं. बाई, तुम्ही काढलं, माजं काम झालं. गेलेल्याची तपासणी कशापाई? ती लॅबवाली पोरं कापून बगनार आन् गटारीत टाकनार. माज्या पोटातलं व्हतं ते. ते कुत्र्यानं वढावं का?"

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "बाटलीसकट पुरलं का?" बहुधा त्यांना अजून काही आशा असावी.

"न्हाई. बाटलीतनं काढून. मातीला लागाया पायजे ना ते."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या? त्या दिवशी तुम्हीच होतात ना बरोबर?"

"शेजारी," मी म्हणाले.

मी आणखी काही बोलायला हवं होतं. ती बाटली आधी माझ्या हातात होती, हे सांगायला हवं होतं.

पुन्हा तुकडा काढला. या वेळी दवाखान्यातल्या माणसानंच तो लॅबला नेला. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि त्यातला मुख्य शब्द मला कळला. पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं आणखी फोटो काढले आणि सांगितलं की ते पिशवीच्या बाहेर, वरपर्यंत गेलं आहे, आता काढण्यासारखं राहिलं नाही. रेडिएशनचे शेक दिले. शेकांनी ती आणखी वाळली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितलं, घरी न्या.

गाडी वस्तीवर आली तेव्हा सगळे जमले होते. तिला उचलून आत नेताना पायाळू पुढं झाले. ती त्यांना म्हणाली, "नीट धर. म्या तुला पडू दिला नव्हता." ते तोंड फिरवून उभे राहिले. त्यानंतर तिनं कुणाची थट्टा केलेली मला आठवत नाही.

लोक बोलायचे ते तिला ऐकू जायचं. कुणी म्हणे दुर्बिणीनंच पसरलं, तेव्हाच पिशवी काढली असती तर सुटली असती. ज्या बायकांना तिनं थांबवलं होतं, त्यातल्या एकीनं जाऊन पिशवी काढून टाकली. नानीनं तिला बोलावून घेतलं आणि खाटेवरून दम टाकत समजावलं, "दुर्बिणीचं काय बी चुकलं न्हाई. चुकलं ते माजं." त्या बाईनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

हे सगळं लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नावं बदलली आहेत.

परीक्षेच्या आधी मी दोन दिवस घरी आले होते. सकाळी नानीकडं गेले. सोपानदादा अंगणात मोटरसायकल पुसत होता. ती आधीच पुसून झालेली होती. तो बारीक झाला होता. मला बघून तो नेहमीसारखं म्हणाला, "त्या दिवशी सुट्टी टाकली असती ना मी, तर बाटली माझ्या हातानं दिली असती." ते तो भेटेल त्याला सांगत असे. मला प्रत्येक वेळी वाटे की तो माझ्याबद्दल बोलतो आहे. पण तो खरोखरच स्वतःबद्दल बोलत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

आत नानीची खाट दारासमोर होती. ती एवढीशी दिसत होती. तिनं मला जवळ बसायला सांगितलं.

"खरं सांगशील?"

"काय?"

"तवा ते दिलं असतं, तर?"

मला उत्तर माहीत होतं. पुण्याच्या डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं होतं. तेव्हा ते फक्त कोंबातच असण्याची शक्यता जास्त होती. पिशवी काढून भागलं असतं.

"सांग की. तू शिकल्याली हायेस. मला फसवू नगंस."

"बरी झाली असतीस, नानी," मी म्हणाले.

ती छताकडं बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "वाटलंच मला. म्या किती बायांची सोडवनूक केली, आन् माजं मलाच कळलं न्हाई." मग श्वास गोळा करून माझा हात धरला. "आता ऐक. सोपानला ह्ये सांगू नगंस. त्यो रातच्याला जेवत न्हाई. कामावर धड जाईना. त्याला सांग, दिलं असतं तरी काय बी फरक पडला नसता. आधीच लई पसरल्यालं हुतं, म्हनावं. म्या सांगितलं तर त्यो म्हनतो, आय, तुला काय कळतंय. तुजं ऐकंल."

"नानी, मला खोटं बोलता येत नाही."

"शीक मंग. आत्ता जा. मी हाय तवर सांग."

मी बाहेर आले. सोपानदादा फडकं हातात घेऊन उभा होता. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मी इंग्रजी शब्द वापरले, एवढं आठवतं. स्टेज म्हणाले, सुरुवातीलाच असं काहीतरी म्हणाले. बाटली तेव्हा दिली असती तरी हेच झालं असतं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, असं म्हणाले.

"डॉक्टर सोता म्हनले?"

"हो. स्वतः म्हणाले."

"आपल्या कुणाच्याच हातात नव्हतं म्हंजी."

"नव्हतं, दादा."

तो मोटरसायकलच्या सीटवर आडवा बसला आणि फडक्यानं तोंड पुसलं. फडक्याचं काळं तेल त्याच्या गालाला लागलं. मग खांदे हलायला लागले. मला काय करावं कळेना म्हणून मी दाराकडं पाहिलं.

नानीनं कोपरावर भार देऊन मान उचलली होती. आमचं बोलणं तिथवर ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ती सोपानदादाच्या पाठीकडं एकटक बघत होती. तो उठला, गालावरचं तेल न पुसताच त्यानं आतल्या बाजूला हाक मारली, "आय, शिफ्टला जातो गं." तेव्हा तिचं कोपर घसरलं आणि डोकं पुन्हा उशीवर गेलं. दारातून मग फक्त तिची पावलं दिसत राहिली.